कॅसेटमधले मैदान

अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानाला दोन प्रकारची माणसे ओळखतात. एक, ज्यांनी तिथे खेळपट्टीवर घाम गाळला किंवा कुंपणाबाहेर उभे राहून दिवसभर सामना पाहिला. दुसरी, ज्यांनी तिथे कधी चेंडू पाहिलाच नाही, पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मेळाव्याला खेड्यापाड्यांतून येऊन त्याच हिरवळीवर मांडी घातली, भाषणे ऐकली आणि भीमगीते ऐकली. नागपूरचा सोहळा दसऱ्याला आणि अकोल्याचा त्याच्या दुसऱ्या दिवशी, हा क्रम वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत तोंडपाठ आहे. या दुसऱ्या प्रकारच्या माणसांना मैदान आठवते ते कानाने. कोणता कर्णा कुठल्या बाजूला होता, मागे बसणाऱ्याला आवाज कसा दोनदा ऐकू यायचा, गाणे रंगात आले की डावीकडची गर्दी आधी टाळ्या धरायची की उजवीकडची, हे त्यांना नेमके सांगता येते.

हे पुस्तक त्या माणसांच्या बोलण्यातून उभे राहिले आहे. अमरावतीचे सायन्सकोर मैदान, नेहरू मैदान, दसरा मैदान, अकोल्याचे क्रिकेट क्लबचे मैदान, मोझरीचे गुरुकुंज आणि अशाच उघड्या जागांवर झालेले कार्यक्रम, ते ज्यांनी टेप केले ते लोक, आणि त्या कॅसेटी ज्यांनी पुन्हापुन्हा ऐकल्या ते लोक, असा हा तिहेरी विषय आहे. स्टुडिओत मुद्रित झालेल्या संगीतावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. मैदानावर, उघड्या आभाळाखाली, वाऱ्याशी आणि गर्दीशी झुंजत जे मुद्रित झाले, त्याच्याविषयी मात्र आपण फारसे लिहिलेले नाही. तो आवाज जणू कच्चा माल आहे, असे समजून आपण त्याला बाजूला ठेवले. माझ्या मते वऱ्हाडाच्या गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या सांस्कृतिक इतिहासाचे सर्वांत मोलाचे कागदपत्र या कच्च्या मालातच आहेत.

सुरुवात गाडगेबाबांपासून करावी लागते. शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे वाढलेले, १९०५ साली घर सोडून निघालेले. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाची डोकी झाडायची, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर लिहिले, गो. नी. दांडेकरांनी लिहिले, आचार्य अत्र्यांनी लिहिले. तिघेही शब्दांचे धनी. तरीही बाबांचे कीर्तन म्हणजे काय, हे ती पुस्तके मिटून ध्वनिमुद्रण लावले की पहिल्या पाच मिनिटांत वेगळेच कळते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात बाबांनी कीर्तन केले आणि ते मुद्रित झाले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येताना वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. वऱ्हाडच्या या सर्वांत मोठ्या लोकशिक्षकाचा आवाज आपल्याला मिळाला तो मुंबईत झालेल्या मुद्रणातून, ऐंशी वर्षांच्या थकलेल्या देहातून. ऋणमोचनच्या यात्रेत, पूर्णेच्या काठावर, भर वयात हा माणूस कसा गर्जत असेल याचा अंदाज त्यावरूनच बांधायचा.

ते मुद्रण ऐकताना लक्षात येते की बाबा एकटे बोलतच नाहीत. ते विचारतात आणि लोकांकडून उत्तर घेतात. उत्तर बारीक आले तर पुन्हा विचारतात. देवळातल्या देवाविषयी, कर्जाविषयी, दारूविषयी, पोरांच्या शाळेविषयी एकेक साधा प्रश्न टाकायचा, समोरच्या माणसाच्याच तोंडून त्याची कबुली काढायची आणि मग ती कबुली हातात घेऊन पुढचा प्रश्न. जेवायचे ताट गेले तरी चालेल पण मुलाला शिकवा, हा त्यांचा सांगावा कागदावर उपदेश वाटतो. कीर्तनात तो उपदेश राहत नाही, कारण तिथवर लोक स्वतःच्या उत्तरांच्या पायऱ्यांनी चढत आलेले असतात. समोरचा हशा, समोरचा हुंकार आणि एकदम पसरलेली शांतता ही त्या कीर्तनाची साथसंगत आहे. श्रोत्यांचा आवाज पुसून टाकला तर कीर्तनातले अर्धे बोलणेच नाहीसे होईल, आणि उरलेल्या अर्ध्याचा अर्थ लागणार नाही.

जगातल्या सर्वांत गाजलेल्या मैदानी ध्वनिमुद्रणाची हकीकत याच्या नेमकी उलट आहे. न्यूयॉर्कमधले शे स्टेडियम हे बेसबॉलचे मैदान, तिथल्या मेट्स संघाचे घर. १५ ऑगस्ट १९६५ रोजी तिथे बीटल्सचा कार्यक्रम झाला आणि सुमारे ५५,६०० लोक आले. व्हॉक्स कंपनीने खास त्या दौऱ्यासाठी शंभर वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर दिले होते. तेवढ्यावर भागणार नव्हते, म्हणून एरवी सामन्याच्या घोषणांसाठी वापरले जाणारे स्टेडियमचे कर्णेही जोडले गेले. तरीही किंकाळ्यांपुढे कुणाचे काही चालले नाही. त्या रात्रीचे चित्रीकरण दूरचित्रवाणीवर दाखवण्याआधी, जानेवारी १९६६ मध्ये बीटल्सनी लंडनच्या स्टुडिओत बसून बरेच काही पुन्हा गाऊन-वाजवून भरले. एका गाण्याच्या जागी तर चक्क आधीच्या रेकॉर्डवरचा आवाज लावला. त्यामुळे तिथले रसिक आजही वाद घालतात की आपण जे ऐकतो त्यातले मैदानावरचे किती आणि स्टुडिओतले किती. शे स्टेडियम २००९ साली पाडले गेले. तिथे आता नव्या स्टेडियमची गाड्या लावायची जागा आहे, आणि जुन्या मैदानावरच्या बेसच्या जागा त्या डांबरावर खुणा करून जपलेल्या आहेत. जागा जपली गेली, हे मला फार आवडते. आवाजाचे मात्र तिथे भांडण होते. गर्दी आणि गायक यांनी एकमेकांना ऐकलेच नव्हते. वांद्र्याच्या कीर्तनात ते एकमेकांना ऐकतात, आणि म्हणून ते मुद्रण दुरुस्त करायची कुणाला गरज वाटली नाही.

तुकडोजी महाराजांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे खंजेरी होती. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्म, १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम, १९५५ साली जपानमधल्या एका परिषदेत तीच खंजेरी. त्यांच्या मूळ आवाजातली भजने आजही घरोघरी वाजतात आणि खंजेरी भजनाची स्पर्धा भरली नाही असे गाव विदर्भात विरळे. अकोला जिल्ह्यातल्या सत्यपाल महाराजांनी एकाच वेळी सात खंजेऱ्या वाजवून ही परंपरा पुढच्या पिढीच्या कानापर्यंत नेली; त्यांच्या कॅसेटी बाजारहाटीच्या दिवशी टेपच्या दुकानांतून वाजायच्या.

खंजेरी ही मैदानावर टेप करायला फार अवघड. छोट्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोय असायची. खंजेरीवर जोराची थाप पडली की यंत्र घाबरून सगळाच आवाज खाली ओढायचे, आणि थाप थांबली की हळूहळू वर आणायचे. परिणामी त्या कॅसेटींमध्ये दोन कडव्यांच्या मधल्या जागेत गर्दी एकदम मोठी होते. कुणाचे खोकणे, रडणारे लेकरू, दूरचे कुत्रे, शेजारच्याने दिलेली दाद, सगळे पुढे येते. पुन्हा थाप पडली की मागे सरते. स्टुडिओतल्या माणसाच्या दृष्टीने हा दोष आहे. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून मैदान किती भरले होते ते समजते. यंत्राच्या या उणिवेनेच आपल्याला भजनाबरोबर गावही दिले.

मोझरीची एक गोष्ट तर ध्वनिमुद्रणाच्या कुठल्याही शास्त्रात बसत नाही. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराजांचे निर्वाण झाले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात त्याच क्षणी लाखो लोक जागच्या जागी उभे राहून मौन श्रद्धांजली वाहतात. आधी भजन, घोषणा, पाळण्यांचा आणि दुकानांचा गलका, आणि मग एकाएकी काहीच नाही. हे टेप करणारा काय टेप करतो? ज्यांच्याकडे असे मुद्रण आहे ते लोक तो भाग पुढे सरकवत नाहीत, पूर्ण ऐकतात. लाखो माणसांचे गप्प राहणे आणि रिकाम्या मैदानाचे गप्प राहणे यांत फरक असतो, आणि तो साध्या कॅसेटवरही ऐकू येतो.

आता कव्वालीच्या सामन्यांकडे आणि भीमगीतांच्या रात्रींकडे येऊ. वामनदादा कर्डकांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या गायकांनी ज्या रात्री जागवल्या, त्यांचा हिशेब सिनेमासारखा अडीच तासांचा नव्हता. जेवणे आटोपून लोक सतरंजी, घोंगडी घेऊन यायचे, अकरा-बाराला खरा रंग भरायचा आणि उजाडताना शेवट. आठ तासांचा कार्यक्रम पूर्ण भरून घ्यायचा तर साठ मिनिटांच्या आठ कॅसेटी लागायच्या, नव्वदच्या घेतल्या तरी सहा. खिशात असायच्या दोन किंवा तीन. म्हणून टेप करणाऱ्याला निवड करावी लागायची: कोणते गाणे घ्यायचे, कोणते सोडायचे, भाषण सुरू झाले की बटण दाबून थांबवायचे का. आज त्या कॅसेटी ऐकताना आपण गायकाबरोबर त्या माणसाची आवडनिवडही ऐकत असतो. त्यात बाजू पालटायची वेळ नेमकी सवालाच्या शेवटी आलेली असते आणि जवाबाची पहिली ओळ कायमची हरवलेली. ती ओळ कोणती होती यावर तीस-तीस वर्षे चर्चा चालते. तिथे असलेला कुणी भेटला की पहिला प्रश्न तोच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरचे कर्णे बंद झाले. झोपमोड होणाऱ्या आजाऱ्यांचा आणि परीक्षेच्या मुलांचा विचार केला तर नियम योग्यच आहे. पण त्यामुळे रात्रभराचा तो प्रकार आता नव्याने मुद्रित होणार नाही, आणि जे आहे तेच शेवटचे आहे, याची जाणीव आपण ठेवायला हवी.

कॅसेटी जपणाऱ्या आणि ऐकणाऱ्या या माणसांचे वाद ऐकण्यासारखे असतात. हे पुस्तक वाचताना तुम्हाला त्यांचे आवाज ऐकू येतील. लेबल नसलेली कॅसेट लावायची, दोन मिनिटे सगळे गप्प, आणि मग कुणीतरी म्हणतो, ‘हे अकोल्याचं नाही बाप्पा, मूर्तिजापूरचं हाय.’ कशावरून? तर मागे गाडीची शिटी ऐकू येते. मुंबई-नागपूरचा लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून जातो, म्हणून शिटी तिन्हीकडची असू शकते. मग दुसरा पुरावा शोधायचा. शिटी किती लांबची आहे? अजान ऐकू येते का? निवेदक मध्येच कुणाचे नाव घेतो? मंचावरच्या घोषणा हा तर खजिनाच. अमुक गावचे लहान मूल हरवले आहे, मंचाजवळ यावे. अमक्यांनी अकरा रुपये बक्षीस दिले. अमक्या गावची ट्रॅक्टरची मंडळी निघत आहेत. गायकाच्या दृष्टीने हा व्यत्यय, आणि काळ-वेळ ठरवणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा मोठा दस्तऐवज नाही. बक्षिसाच्या रकमेवरून दशक ओळखणारे लोक आहेत.

टेपरेकॉर्डर कुठे ठेवला होता, हेही ते सांगतात, आणि त्याला शास्त्राचा आधार आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक कर्णा जवळ आणि दुसरा पावणेदोनशे मीटर लांब असेल, तर लांबच्याचा आवाज अर्धा सेकंद उशिरा पोहोचतो. म्हणून मैदानाच्या मधोमध बसून टेप केले की प्रत्येक शब्दाला त्याची सावली मिळते. मंचाच्या पायाशी बसून केले की सावली नाही, पण गर्दीही पातळ. साऊंडवाल्याच्या मशीनमधून वायर काढून घेतली असेल तर गायक स्वच्छ आणि लोक जवळपास नाहीतच. यांतले चांगले कोणते, यावर एकमत होत नाही. मला विचाराल तर मधोमध बसून केलेले. शब्द थोडे फुटतात, पण तुम्ही लोकांत बसलेले असता.

सगळ्यात कडाक्याचे भांडण पट्टीवरून होते. गायक काळी एकला गात होता की काळी दोनला? खेड्यावर वीज नसली की टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरू लागले की मोटार मंदावते, फीत हळू सरकते. तीच कॅसेट पुढे नीट वेगाने लावली की सगळे चढे ऐकू येते: गायकाचा आवाज बारीक होतो, लय वाढते, पेटीचे सूर वर जातात. तरुणपणी अमका गायक किती चढ्या पट्टीत गायचा याच्या ज्या आख्यायिका आहेत, त्यांतल्या काहींच्या मागे उतरलेले सेल असू शकतात. गायकांची थोरवी याने कमी होत नाही. पण ज्यांना त्या पट्टीत गळा ताणून बसवायचा आहे अशा नव्या मुलांना हे सांगायला हवे.

गझलेच्या मैफिली मैदानापेक्षा सभागृहात जास्त झाल्या, म्हणून त्यांच्यावर इथे थोडकेच लिहिले आहे. तरी वऱ्हाडाला वगळून मराठी गझलेचे बोलणे शक्य नाही. सुरेश भटांचा जन्म अमरावतीचा, १९३२चा. भीमराव पांचाळे आष्टगावचे. भट स्वतःच्या रचना गाऊन म्हणायचे आणि शेराची पहिली ओळ श्रोत्यांकडून पुन्हा मागवली जायची. त्या मैफिलींच्या कॅसेटींत दाद कुठे उठते ते ऐकले की कोणता शेर त्या दिवशी कुणाला लागला हे कळते. छापलेल्या संग्रहात सगळे शेर सारखेच असतात.

हे सगळे जपणार कोण? अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाच्या वाद्यवृंदाने आपल्या श्रोत्यांना कार्यक्रम टेप करायची मोकळीक दिली होती. १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखली. अट एकच, विकायचे नाही. एकाने दुसऱ्याला द्यायचे. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये, म्हणजे एका मोठ्या क्रीडागृहात, झालेला त्यांचा कार्यक्रम बेट्टी कँटर नावाच्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्त्रीने टेप केला. पुढे तिच्या फितींचा साठा भाडे थकलेल्या गोदामातून लिलावात गेला, तो चाहत्यांच्या हाती पडला, त्यातल्या खराब झालेल्या फिती त्यांनी खपून वाचवल्या. आज ते मुद्रण अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहाच्या यादीत आहे. सरकारने किंवा कंपनीने नव्हे, ऐकणाऱ्यांनी ते टिकवले. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचे काय जपायचे यावर विचार करणारी माणसे पुण्यात पुष्कळ आहेत. अमरावती-अकोल्याच्या मैदानांसाठी ते काम आपल्यालाच करावे लागेल.

उशीर झाला तर काय होते, हेही आपल्या समोर आहे. १९०८ साली शिवजयंतीला अकोल्यात लोकमान्य टिळकांची सभा झाली. गजानन महाराज त्या सभेला होते ही आठवण वऱ्हाडात घरोघर आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न तिथे गाजला. त्या दोन्ही दिवशी समोरच्या गर्दीतून काय आवाज उठला, हे कुणीही कधीच ऐकू शकणार नाही. तेव्हा साधने नव्हती, म्हणून कुणाला दोष देता येत नाही. नंतरच्या काळात साधने होती, मुद्रणे झाली, आणि ती माळ्यावर पडून आहेत. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांपुढे जातो. पत्र्याखालच्या माळ्यावरची फीत त्या उष्णतेत खराब होते, तिचे थर एकमेकांना चिकटतात, पावसाळ्यात तिला बुरशी धरते. कॅसेट कायमची टिकवण्याचा उपाय नाही. तिच्यातला आवाज वेळेत दुसरीकडे उतरवून घेणे एवढेच हातात आहे.

उतरवतानाही एक धोका आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. आता संगणकावर एका बटणाने ‘स्वच्छ’ करता येते. गर्दी, खोकला, घोषणा, शिटी सगळे जाते आणि मागे गायक एकटा उरतो. असे केलेले मुद्रण ऐकायला सुखद असेल, पण ते मैदानाचे राहत नाही. त्यातून पुरावा जातो आणि श्रोता जातो. ज्या गायकांनी आणि कीर्तनकारांनी जन्मभर समोरच्या माणसाला उद्देशून आवाज लावला, त्यांच्यासमोरून तो माणूस उठवून लावायचा अधिकार आपल्याला नाही. स्वच्छ प्रत हवीच असेल तर वेगळी करावी. मूळ जशीच्या तशी ठेवावी.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. घरात जुन्या कॅसेटी असतील तर त्या रद्दीत देऊ नका. बुरशी आलेली कॅसेट लगेच लावून पाहू नका, जाणकाराला दाखवा. उतरवून घ्याल तेव्हा भाषणासकट, घोषणेसकट, दोन गाण्यांमधल्या रिकाम्या जागेसकट पूर्ण घ्या. आणि ज्याने ती टेप केली तो माणूस हयात असेल तर आधी त्याच्याकडे जा. गाव कोणते, मैदान कोणते, साल कोणते, आपण कुठे बसला होता आणि शेजारी कोण होते, हे त्याच्याकडून लिहून घ्या. कॅसेट अजून दोन-चार वर्षे थांबेल, ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.